पाद्रीला कळले होते

दिनांक १७ मे १९५६, गुरुवार, सकाळी साडेदहा वाजता, ठाणे येथील खोपट भागात माझ्या घराच्या मागील आवारात माझा कुत्रा पहारीने ठेचून मारण्यात आला. त्याच दिवशी, दुपार होण्याच्या आत, माझ्या वाडीचा राखणदार गुणाजी भोईर त्याच आवारातील विहिरीत मेला. पहिल्या मृत्यूला शहाणपण म्हणतात आणि दुसऱ्याला अपघात. मी दोहोंना खून म्हणते, आणि म्हणून माझ्या मालमत्तेची व्यवस्था आजच लावून ठेवते.

मी, कुमारी गोदावरी विश्राम ताम्हाणे, वय एकसष्ट, पूर्वी मुंबईच्या एका रुग्णालयात मेट्रन, आता निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणावाचून लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे असे येथे नमूद करावे लागते. डॉ. जया सबनीस यांनी मला तपासून तसा दाखला दिला. मी त्यांना विचारले, "असाच दाखला माझ्या भाच्याला द्याल का?" त्या म्हणाल्या, "त्याला तर तुमच्या आधी देईन." सगळा घोटाळा तोच आहे.

कलम पहिले. घर, आवार व पायऱ्यांची विहीर ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. वडिलांनी मला कॉन्व्हेंटात शिकवले एवढेच त्यांचे देणे. बाकी घर मी लोकांची गळवे कापून आणि प्रेते धुऊन बांधले. माझा एकुलता वारस माझ्या मयत भावाचा मुलगा त्र्यंबक. बी. एस्सी. झालेला, सरकारी नोकरीतला, माझ्याच घरात राहणारा. हे घर त्याला मिळावे की नाही हे पुढील हकीकत वाचून, आणि शेवटी घातलेली अट पाहून, त्याने स्वतःच ठरवावे.

हकीकत अशी. यंदा उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फार खाली गेले. त्र्यंबकने जुने रॉकेलचे इंजिन आणले. पंप वरून इतक्या खोलीचे पाणी ओढू शकत नाही हे त्याने कागदावर मांडून दाखवले, आणि इंजिन पंपासकट विहिरीच्या खालच्या टप्प्यावर नेऊन बसवले. हिशेब बिनचूक होता. शेजारचे आनंदराव फणसे यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून त्याने विहिरीच्या तोंडावर पत्रे टाकले, पायऱ्यांपाशी माणूस शिरेल एवढी फट ठेवून. आवाज थांबला. तेही बिनचूक. इंजिनाचा धूर कोठे जाणार, एवढेच त्या डोक्यात आले नाही, कारण त्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती.

माझ्या कुत्र्याचे नाव पाद्री. अंग काळे, गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून ते नाव. उन्हात तो विहिरीच्या पायऱ्यांवर गारव्याला निजत असे. त्या सकाळी माझ्या हातून दूध प्यायला आणि खाली गेला. इंजिन सुरू झाले. काही वेळाने तो पत्र्याच्या फटीतून वर आला तो झोकांड्या खात. मागचे पाय एकमेकांत अडकत होते, तोंडातून लाळ गळत होती. अंगणात येऊन ओकला.

त्र्यंबकने पाहिले आणि विचार केला. विचार केला नसता तर बरे झाले असते. त्याने पाण्याचे भांडे पाद्रीपुढे सरकवले. ज्याच्या पोटात ढवळते आहे तो पाणी कशाला पिईल? पाद्रीने तोंड फिरवले.

"पाण्याला भितोय!" त्र्यंबक ओरडला. "पिसाळलाय!"

"मग वाट कसली बघता, त्र्यंबकराव?" आनंदराव काठी घेऊन कुंपण ओलांडून आले. "आमची पोरंबाळं फिरतात इथे."

"अरे गाढवा," मी म्हटले, "सकाळीच दूध प्यायलाय तो. असं घटकाभरात कुणी पिसाळत नाही. तो विहिरीतून वर आलाय. आधी ते इंजिन बंद कर!"

"आत्या, लक्षणं तुझ्या समोर आहेत. इथे भावनेचं काम नाही."

"लक्षणं मी तीस वर्षं पाहिली रे. तू पुस्तकात वाचलीस."

त्याने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात लोटले आणि बाहेरून कडी घातली. माझ्या सुरक्षिततेसाठी, असे म्हणाला. पुढचे मी खिडकीच्या गजांतून पाहिले. पहिला तडाखा कमरेवर बसला आणि मागचे धड लुळे पडले. पाद्री पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत माझ्या खिडकीकडे येऊ लागला. आनंदरावांच्या काठीने त्याचा जबडा निखळला. तरी तो येतच होता. मग त्र्यंबकने पहार दोन्ही हातांनी उचलली. कवटी फुटल्याचा आवाज मी शस्त्रक्रियागृहातही ऐकलेला आहे, पण तेथे समोरच्याला गुंगी दिलेली असते. त्याने तीनदा मारले. दोन फटके मेल्यावरचे होते. तिसऱ्यानंतर त्याने चष्मा पुसला.

तेवढ्यात खाली इंजिन आपोआप बंद पडले. ते पुन्हा सुरू करायला त्र्यंबकने गुणाजीला बोलावले. कंदील दोरीला बांधून फटीतून खाली सोडला, कारण विहिरीत उतरण्याआधी हवा तपासावी हे त्याला ठाऊक होते. ज्योत थोडी लाल झाली, पण जळत राहिली.

"बघ, दिवा जळतोय. हवा चांगली आहे. उतर."

मी गजांवर मुठी आपटून ओरडले, "गुणाजी, उतरू नको! कुत्र्याला त्याच हवेनं झालंय! आधी पत्रे काढ!"

गुणाजीने वर माझ्याकडे पाहिले, मग त्र्यंबककडे. "बाय, दादांनी दिवा लावून बगितलाय," तो म्हणाला, आणि गेला.

इंजिनाच्या धुरातले विष दिव्याला कळत नाही. ते कुत्र्यालाही वासाने कळले असेल असा माझा दावा नाही. कुत्र्याला एवढेच कळले की येथे जीव घाबरतो, येथून निघावे. माणसाचा जीव घाबरला तरी तो थांबतो, कारण दिवा जळतो आहे, कारण शिकलेल्याने सांगितले आहे, कारण काम अर्धे सोडून वर गेले तर लोक हसतील. गुणाजी इंजिनाशी थोडा वेळ खटपट करत होता, ते ऐकू येत होते. मग काही ऐकू आले नाही. मग पाण्यात पडल्याचा आवाज आला.

वर दोन सुशिक्षित पुरुष उभे होते. दोघेही उतरले नाहीत. पत्रे काढण्याचेही त्यांना सुचले नाही. गुणाजीची बायको हौसाबाई त्याची भाकरी घेऊन आली, तिने माझी कडी काढली, आणि आम्ही दोन बायकांनी पत्रे ओढून फेकले. दुपारी गळ टाकून त्याला वर काढला. गालांवर आणि ओठांवर गुलाबी तजेला होता, जसा काही लग्नाला निघालाय. बुडून मेलेला माणूस असा दिसत नाही. थंडीत दार लावून शेगडीजवळ निजलेली आणि सकाळी न उठलेली कुटुंबे मी रुग्णालयात पाहिली आहेत. ती सगळी अशीच गुलाबी असतात.

त्र्यंबक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आत्या, असं होईल हे कुणाला कळणार होतं?"

मी म्हटले, "पाद्रीला." आणि कुत्र्याच्या रक्ताने चिकट झालेली तीच पहार उचलून त्याच्या डाव्या मनगटावर घातली. हाड मोडले. नंतर ते मीच बसवले, फळी बांधली, आणि चांगले बसवले. यापैकी कशाचाही मला पश्चात्ताप नाही.

फौजदारापुढे त्र्यंबकने जबाब दिला की गुणाजी दारू पिऊन उतरला आणि पाय घसरून बुडाला. आनंदरावांनी दुजोरा दिला. दारूबंदीच्या राज्यात मेलेल्यावर घालायला याहून सोयीचा आळ नाही. त्यानंतर त्याच्याविषयी कोणी काही विचारत नाही. मी त्या रंगाबद्दल सांगितले तेव्हा फौजदार म्हणाला, "बाई, मेलेल्याचा रंग बघून केस उभी राहत नाही." आता हौसाबाई नळावर गेली की बायका भांडी बाजूला घेतात. ती माझ्याशी रडली नाही. एवढेच म्हणाली, "बाय, त्यानी कवा थेंब शिवला नाय. तुमाला ठाव हाय. पन तुमचा कोन ऐकतं?"

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस शिकवत की देवाने जनावराला फक्त भीती दिली आणि माणसाला विवेक. मी बाकावर उभी राहून हे घोकले आहे. आज एकसष्टाव्या वर्षी माझे मत असे की त्या दिवशी आवारात ज्याला फक्त भीती होती तो एकटाच बरोबर होता. बुद्धी तेव्हा कोणाच्याच कामी आली नाही. ती कामी आली ती संध्याकाळी, जबाब रचताना.

कलम दुसरे. पोस्टातील माझी सर्व शिल्लक हौसाबाई गुणाजी भोईर हिला द्यावी. ही भीक नाही आणि भरपाईही नाही. नवऱ्याची भरपाई होत नसते.

कलम तिसरे. माझे चिमटे, कात्र्या, थर्मामीटर व उकळण्याचे भांडे आनंदराव फणसे यांची मुलगी शीला हिला द्यावे. तिला नर्स व्हायचे आहे आणि बाप म्हणतो, तो चांगल्या घरच्या बायकांचा धंदा नव्हे. ही पेटी तिला बापासमोर द्यावी.

कलम चौथे. एक पितळी पेला. मी रुग्णालयात नोकरी धरली तेव्हा माझ्या भावाने तो माझ्यासाठी वेगळा ठेवला, कारण मी प्रेतांना हात लावत असे. तापात तो स्वतः वारला तेव्हा त्याला अंघोळ मीच घातली. पेला त्र्यंबकला.

कलम पाचवे. इंजिन घणाने फोडावे. पत्रे पुन्हा विहिरीवर चढू नयेत. लिंबोणीखाली पाद्रीला पुरले आहे तेथे काही बांधू नये.

कलम सहावे. माझा देह मुंबईतील कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. माझी कवटी उघडतील तेव्हा आतल्या वस्तूचे वजन करावे, आणि एवढे वजन एकसष्ट वर्षे मानेवर वाहून मला काय मिळाले, हे विद्यार्थ्यांना विचारावे.

कलम सातवे, घराची अट. त्र्यंबकने स्वतःच्या हाताने लिहावे की गुणाजी प्यायलेला नव्हता. की बंद विहिरीत इंजिन मी चालवले. की आत्याने सांगूनही मी त्याला खाली पाठवले. की जबाब खोटा दिला. हे पत्र फौजदाराला द्यावे, आणि हौसाबाईपुढे, आवारात, सगळे शेजारी जमवून मोठ्याने वाचावे. असे केल्यास घर त्याचे, मागील दोन खोल्या मात्र हयातभर हौसाबाईच्या. न केल्यास घर, आवार व विहीर सर्व हौसाबाईचे, आणि त्र्यंबकने आपले सामान उचलावे. अंमलबजावणी डॉ. जया सबनीस यांनी करावी.

हे मला वाचून दाखवण्यात आले व ते बरोबर आहे.

साक्षीदार:
१. डॉ. जया सबनीस, ठाणे
२. सौ. कमळाबाई कर्णिक, ठाणे

सही: गोदावरी विश्राम ताम्हाणे
मुक्काम ठाणे, दिनांक २४ जून १९५६

ता. क. याची एक प्रत रजिस्टर टपालाने, एकाच छपराखाली राहत असूनही, चि. त्र्यंबक यास पाठवली आहे. त्र्यंबक, मी अजून जिवंत आहे आणि हे मृत्युपत्र मला केव्हाही बदलता येते. नोकरी जाईल, खटला होईल, की घर जाईल, याचा हिशेब तू मांडशीलच. तुझे उत्तर मला ३१ जुलै १९५६ रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळाले पाहिजे. लेखी. तोंडी चालणार नाही. तोंडी तू फार हुशार आहेस.