पापडाच्या पाकिटावरची बाई

बदलापूर, मंगळवार, १२ मार्च १९९१

उल्हासनगरचे सिंधी पापडवाले शेठ आज म्हणाले, "साईं, पाकिटावरची बाई पुरानी झाली. टीव्हीवाली स्मार्ट बाई काढा ना!"

ती बाई म्हणजे माझी बायको सुमन. लेबलचं चित्र काढताना तिलाच समोर बसवलं होतं. "पुरे हो, भात करपेल," म्हणत हसली, तेच हसू कागदावर उतरलं. ती वारल्याचं शेठना आजही सांगितलं नाही. गिऱ्हाईक म्हणेल तसं बदलायचं, हीच सवय.

घरी येऊन मूळ चित्रावरच पांढरा रंग लावला, नेहमी दुरुस्तीला लावतो तसा. कपाळ, डोळे झाकले. हसण्यापाशी ब्रश अडखळला, मग पुढे गेला. नवा कागद का घेतला नाही मी? हे सुचलं तेव्हा ते हसूही रंगाखाली गेलं होतं.

दिवेलागणीला देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात.