आजच आलेली बाई

माय, काल मावशीची साक्ष झाली आणि केस तिथंच बुडाली. मावशी म्हणजे तीच, जी जिनिंगमध्ये तुझ्या शेजारी बसून कापूस वेचायची आणि दुपारी तुझ्या डब्यातला ठेचा आपल्या भाकरीवर घ्यायची. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आता आपल्या घरातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे, पांढरकवड्यातल्या एका संस्थेत मी काम करते, कामगारांना त्यांचे हक्क समजावून सांगते. तुला याचा आनंद झाला असता, माहीत आहे. मला मात्र कालपासून तुझा राग येतो आहे, आणि तो तुझ्याशिवाय सांगायचा कुणाला?

अजून डोळ्यांसमोर आहे: माझ्या शाळेच्या सुट्टीचा दिवस आहे, तू घरी विसरलेला डबा घेऊन मी जिनिंगच्या गेटातून आत येते. कापसातून सरकी काढणारे रेचे इतक्या जोरात चालतात की बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. हवेत पांढरी धूळ. आणि मधेच रेचे थांबतात. मुकादम धावत येतो, गेटावर तपासणीचे साहेब आले आहेत. अर्ध्या बायका मागच्या कुंपणातून निघून जातात, कारण माणसं कमी दिसली की मालकाला बरेचसे कायदे लागत नाहीत. उरलेल्यांना तू ओळीत उभं करतेस. त्यांत एक नवी लागलेली बाई आहे, घाबरलेली. तिला तू सांगतेस, "कधी लागली म्हून इचारलं त आजच आलो जी, असं सांगजो. अन् हात मांगं ठेव. तोंडाले खोटं बोलता येते, हाताले नाही येत." साहेब एकेकीला विचारत पुढं येतात आणि एकेक बाई तेच सांगते. तुझ्या भुवयांत रुई, पापण्यांवर रुई, आणि तूही आजच आलेली. साहेब हसून विचारतात, सगळ्याच आज आल्या तर काल कापूस कुणी वेचला? मावशी म्हणते, "काल भुतं होती, साहेब." सगळे हसतात, साहेबही हसतात आणि मालकाच्या खोलीत चहाला जातात. मीही हसले होते. माझी माय किती हुशार, असंच वाटलं होतं मला.

घरी येताना हायवेच्या कडेनं चालत मी तुला विचारलं, खोटं काहून बोलली? तू म्हणालीस, "गेट बंद झालं त तुही फी कोण भरन? तो साहेब?" एवढी पुस्तकं वाचली, पण हे उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही.

मग तुझा खोकला. दवाखान्यात मुकादम सोबत आला होता, आणि वस्तीत त्याच्या माणुसकीचं केवढं कौतुक झालं. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता, किती वर्षं झाली? मुकादम दारात उभा होता. तू हात चादरीखाली घेतलेस आणि म्हणालीस, कापसातच आहे जी, पण याच हंगामात लागलो. माझ्या जन्माआधीपासून तू तिथं होतीस, माय. डॉक्टरांनी मग चुलीच्या धुराचं विचारलं, तंबाखूचं विचारलं. कापसाच्या धुळीचं पुन्हा विचारलंच नाही. खरं सांगितलं असतंस तर वाचली असतीस, असं मी म्हणत नाही. पण तू कशानं गेलीस, ते निदान कुणीतरी म्हटलं असतं.

मावशीला आता तोच खोकला आहे. चार पावलं चालली की ती भिंत धरते. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं की हा कापसाच्या धुळीचा आजार आहे. त्याची भरपाई कायद्यात आहे, तिच्यासाठीच ही केस होती, पण बाईनं त्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलं हे सिद्ध व्हावं लागतं. मालकाच्या कागदावर मावशी याच हंगामातली. म्हणजे पुरावा होता तो फक्त तिची जीभ. वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून किती संध्याकाळी मी तिला सांगितलं, जे खरं आहे तेच सांगायचं, घाबरायचं नाही. तिथंच आमचं शिबिरही झालं, नेमणूकपत्र मागा, तो तुमचा हक्क आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. मावशी मधेच म्हणाली, "तुह्यापाशी हाय का वं?" बायका हसल्या. मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

काल कोर्टात मालकाच्या वकिलानं तिला विचारलं, कामाला कधी लागलात? मालक बाकावर बसून मोबाइल बघत होते, त्यांनी मान वर केली. मावशीची सून अजून त्यांच्याकडेच वेचायला जाते. मावशीनं धाप आवरली, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "याच साली लागलो जी." मला तिथं मावशी दिसलीच नाही, तू दिसलीस. बाहेर पायरीवर बसल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुही माय असती त तिनं बी हेच सांगितलं असतं." तिच्यावर मी काय रागावणार? धडा तुझा होता, तिनं फक्त नीट पाठ केला.

इथवरचं सगळं मी आज सकाळी रागाच्या भरात लिहिलं होतं. तू गेल्यावर मी तुझ्यासाठी लिहिलेलं काही कुठं पोचत नाही, हेही तसंच वहीत राहील. पण आता त्यात थोडं वाढवावं लागतं आहे. दुपारी संस्थेला मदत देणाऱ्या मॅडम आल्या होत्या. मला तिथं तीन वर्षं झाली आहेत. दर अकराव्या महिन्यात संस्था चालवणारे सर मला काही दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नव्यानं घेतात, म्हणजे कायम करायला नको. मॅडमनी प्रेमानं विचारलं, तू कधीपासून आहेस इथं? सर शेजारी उभे होते. मी म्हटलं, "आत्ताच आले, मॅडम."

हात कुठं होते ते तुला सांगायला नको.