गोणपाटातले शंभर दाणे

९ मे
शाळेचं उन्हाळी शिबिर सुरू. नावं चाळीस, हजर एकोणीस, त्यातले निम्मे पोह्यांसाठी. हेडसर म्हणाले, "मॅडम, विज्ञानाचा एक दिवस तुमच्याकडे. हातानं करायचं काहीतरी ठेवा, फोटो चांगले येतात." फोटो! प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली शोधण्यातच दुपार गेली. आत दोन परीक्षानळ्या आणि मेलेली पाल.
पंधरा वर्षं झाली या शाळेत. दर्यापूरहून रोज तीच जीप, तीच धूळ. माझ्या शिकवण्यानं कुणाचं काय बदललं म्हणाल तर... जाऊ दे.

१२ मे
विज्ञानदिवस झाला एकदाचा. पाय गेले.
सकाळी वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांचे पूल. विटा ठेवताच पहिले तीन बसले. चौथ्यावर दोन विटा राहिल्या, तो आठवीतल्या शबानाचा. त्रिकोण कुठून सुचले विचारलं तर म्हणे, "आमच्या घरच्या कवेलूच्या छपराले तसेच लाकडं हायेत." मी इतकी वर्षं फळ्यावर काढते आहे त्रिकोण, हिच्या घरी कौलांखाली आयतेच.
मग पाण्यातून वीज. साध्या पाण्यात दिवा लागत नाही, मीठ टाकलं की लागतो, असं दाखवायचं होतं. शाळेच्या बोअरचं पाणी घेतलं, तारा बुडवल्या, आणि मिठाच्या आधीच दिवा लागला. पोरं हसून लोळली. मीही हसले. जमिनीतलं पाणीच खारं, त्या खारपाणपट्ट्यात मीठ टाकायला निघाले होते!
दुपारी उगवण तपासणी. पेरणीसाठी ठेवलेल्या घरच्या सोयाबीनचे शंभर-शंभर दाणे मुलांनी आणले. शबानानं मूठभर जास्तच. ओल्या गोणपाटावर दहाच्या रांगा, वरून गुंडाळी, सुतळी. रोज पाणी शिंपडायचं, पाचव्या दिवशी कोंब मोजायचे. दोघं माठाकडे निघाले तर मी ओरडले, "गोड्या पाण्याला हात लावायचा नाही! टँकर तीन दिवसांनी येतो. बोअरचं घ्या." शबाना बादली घेऊन गेली. सगळ्यांची गोणपाटं तिनंच भिजवली.

१७ मे
गुंडाळ्या उघडल्या. वाईट. एकवीस, अठ्ठावीस, एकोणीस. शबानाचे चौतीस. शंभरात सत्तर तरी उगवायला हवेत, नाहीतर पेरण्यात अर्थ नाही. तिनं तीनदा मोजले. "मॅडम, अम्मीनं आन् मी एकेक दाना निवडला होता." मी म्हटलं, यंदा उन्हाळा कडक, बियाण्याला मार बसला. अगदी ठामपणे म्हटलं.

१८ मे
बाकीच्या घरांतून निरोप, "पोरायचा खेळ हाये तो." कुणी मनावर घेतलं नाही. फक्त शबानाचे वडील हनीफभाई आले. दोन वर्षांखाली त्यांनी दुकानातल्या बॅगा पेरल्या, निम्मं शेत उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून घरचंच बियाणं, जिवापाड जपलेलं.
"पोतं आपटलं नाई मॅडम. फळीवर ठेवलं, दोनच्या वर थप्पी नाई लावली. मंग काहून?"
"पत्रा तापत असेल."
"पत्रा कुठी? कवेलू हायेत आमचे."
कवेलूचं शबानानं सांगितलंच होतं, विसरले. तरी मागे हटले नाही. म्हटलं, हवाच तापलेली आहे, हे पेरू नका. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तुमी सांगसान तसं. तुमी शिकेल मानसं."

२१ मे
शिबिर संपलं. फोटो चांगले आलेत म्हणे. शबाना पिशवीभर कैऱ्या घेऊन आली. घरचं बियाणं बेपाऱ्याला देऊन टाकलं, तेलाला गेलं. दुकानातून बॅगा आणल्या. "अब्बा म्हणे, मॅडमनं दुबार पेरणीतून वाचवलं."
लिहून ठेवते, बरं वाटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं.

२७ मे
सामान आवरायला शाळेत गेले. गोणपाटं दोरीवर वाळून कडक झालेली. त्यांच्यावर पांढरी पूड. बोटाला लागली म्हणून जिभेवर ठेवली. मीठ.
तिथंच पायरीवर बसले.
घरी येऊन ही वही उघडली. १२ मे. माझंच अक्षर. वर दिव्याचा विनोद, खाली बोअरचं पाणी, मध्ये दोन ओळी. पाच दिवस शिंपडत होतो. पाणी उडून जायचं, मीठ राहायचं, मग दाणे उगवतील कसे? सातवीचं पोर सांगेल. आणि मी विज्ञान शिकवते!
शबानाचे जास्तीचे दाणे पिशवीत राहिले होते. पन्नास भरले. प्यायच्या पाण्यात फडकं भिजवून त्यात ठेवले. मनात एकच, उगवू नका रे. असं कुणी बियाण्याला म्हणतं का?

१ जून
पन्नासातले त्रेचाळीस. पांढरे, लांब, सशक्त कोंब. फेकवेनात. कुंडीत टोचले.
ज्यांनी माझं ऐकलं नाही त्यांचं बियाणं घरात आहे. ज्या एकानं ऐकलं त्याचं गेलं.  लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

५ जून
हनीफभाईंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आधीच ते, "बॅगा आनल्या मॅडम, आता पानी आलं का पेरतो. तुमची मेहेरबानी." मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. बरं! मेली माझी जीभ.

९ जून
दाखल्यांच्या कामाला शाळेत. शबाना आली. रुमालाची गाठ सोडली, आत नव्या बॅगेतले दाणे, औषध लावलेले, लाल. "अब्बा म्हणे, मॅडमकडून तपासून आन. मॅडम हो म्हनतीन तरच पेरू." आणि सवयीनं कोपऱ्यातली बादली उचलून बोअरकडे निघाली.
"शबाना, थांब. त्या पाण्यानं नको."
"काहून मॅडम?"
 तिनं दोरीवरच्या गोणपाटांकडे पाहिलं, मग बादलीकडे. हुशार आहे पोरगी. मीच नेहमी सांगते तिला तसं.
"मंग मांगच्या बारीले तेच पानी?" एवढंच विचारलं. बादली खाली ठेवली आणि घरी गेली.
दाणे माझ्याकडेच आहेत. घरी आणून माठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात ठेवले. शंभर, दोनदा मोजून. पाचव्या दिवशी हनीफभाईंच्या घरी स्वतः जायचं आणि सगळं सांगायचं. हे उगवले तरी. नाही उगवले तरी.