छेदात राहिलेलं वर्गमूळ

नाना, तुमच्याशी मी कधी भांडले नाही. तुम्ही होतात तेव्हा हिंमत नव्हती, आणि हिंमत आली तेव्हा तुम्ही नव्हतात. आता माझं वय तुमच्या शेवटच्या वयाच्या पुढे गेलं आहे, तेव्हा जरा आवाज चढला तर चालवून घ्या. विषय जुनाच आहे, एक्सच्या वर्गमूळाचा डेरिव्हेटिव्ह. हसू नका.

नववीत तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात. घरी नाना, वर्गात सर, आणि वर्गात लेक म्हणून काडीची सवलत नाही. छेदात वर्गमूळ दिसलं की तुमचा पारा चढायचा. एकदा मी 'एक भागिले वर्गमूळ दोन' असं उत्तर सोडून दिलं, तर सगळ्यांसमोर म्हणालात, छेदात वर्गमूळ ठेवणं म्हणजे उष्ट्या हाताने देवघरात जाणं. वर्ग हसला आणि माझे कान तापले. तेव्हापासून छेदात वर्गमूळ दिसलं की वर-खाली गुणून ते आधी हाकलायचं, ही सवय हाडीमाशी मुरली. आमच्या शाळेतली पोरं पुढे कुठेही गेली तरी या खोडीवरून ओळखू यायची.

मग अकरावी-बारावी शाळांना जोडली गेली आणि संस्थेने तुम्हालाच आमच्या अकरावीच्या वर्गावर चढवलं. तुम्हाला बी.एस्सी. होऊन जमाना झाला होता. तज्ज्ञ येऊन तास पाहणार, आणि त्यांचा शेरा बरा नसला तर तुमची बदली संस्थेच्या कळवणच्या शाळेत, हे हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं. कळवण काही परदेश नव्हे. पण आईला दमा होता, तिचे डॉक्टर नाशकात, आणि झटका आला की तिला उचलून टांग्यात बसवणारे तुम्ही. तुम्ही गेलात की घरात आई आणि मी, एवढंच उरत होतं. त्या आठवड्यात आपल्या घरात कुणी धड जेवलं नाही.

तपासणीच्या दिवशीची सकाळ. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, मांडीवर माझी जुनी पाटी. आई स्टोला पिन मारते आहे आणि तुमच्याकडे बघायचं टाळते आहे. तुम्ही मला जवळ बोलावून दाखवता. एक्समध्ये एच एवढी चिमूटभर भर घालायची, दोन वर्गमूळांची वजाबाकी करायची, तिला एचने भागायचं, आणि मग एचला शून्याकडे न्यायचं. सरळ शून्य घातलं तर शून्य भागिले शून्य, हाती काहीच नाही. म्हणून दोन्ही वर्गमूळांच्या बेरजेने वर-खाली गुणायचं. वरची वर्गमूळं जातात, नुसता एच उरतो, तो खालच्या एचबरोबर कटतो. पण ती बेरीज जाऊन बसते छेदात, आणि उत्तर येतं एक भागिले दोन वर्गमूळ एक्स. तुम्ही पाटीकडे बघत राहिलात. "बरोबर आहे हे," असं म्हणालात, पण एखादं कडू औषध पोटात ठेवावं तसा चेहरा होता.

वर्गात ते तज्ज्ञ मागच्या बाकावर बसले. तुमचं शिकवून झालं, तेव्हा त्यांनी मुलांपैकी कुणीतरी हेच गणित फळ्यावर करावं असं सांगून नेमकं मला उठवलं. मी तुमची मुलगी हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही दाराशी उभे, बोलायची मुभा नाही. मी गणित केलं. शेवटची ओळ लिहिली आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. ते पुढे आले, उत्तराच्या छेदावर बोट ठेवून विचारू लागले की नववीत काय शिकवलं होतं, छेदात वर्गमूळ चालतं? मी 'नाही' म्हणाले. मग नववीतलं चूक की आताचं, असं त्यांनी मला विचारलं, आणि नववीला कोण होतं तेही.

मी तुमच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "नववीत माझं लक्ष नव्हतं सर. चुकीचं डोक्यात राहिलं असेल."

तिथे ते मिटलं असतं. तज्ज्ञ मान हलवून परत फिरलेही होते. आणि दारातून तुमचा आवाज आला.

"तिचं लक्ष होतं. नववीला मीच होतो, आणि चुकीचं मी शिकवलं. तो नियम नव्हता, सोय होती. हाताने भागाकार करताना वर्गमूळ दोनाने, म्हणजे एक पॉइंट चार एक चारने, भागण्यापेक्षा दोनाने भागणं सोपं, एवढंच. मी त्याचा धर्म करून टाकला."

तज्ज्ञांनी काहीतरी लिहून घेतलं. मूलभूत कल्पनांत गोंधळ, असा शेरा पडल्याचं पुढे हेडमास्तरांनी सांगितलं. जूनमध्ये तुम्ही ट्रंक घेऊन कळवणच्या एसटीत बसलात.

त्या पावसाळ्यात आईला मोठा झटका आला. शेजारच्या मावशींनी आणि मी तिला टांग्यात चढवलं. दवाखान्यात तिला बोलवत नव्हतं, तरी दर श्वासाला दाराकडे बघायची. तुमच्या शाळेत ट्रंक कॉल लावला, पण तुम्ही पोचलात संध्याकाळी. ती वाचली. नंतर तिने तुम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

मीही पुढे गणितच शिकवलं. त्या धड्याला आले की मुलांना सांगायची, हा नियम नाही, सोय आहे. मुलं वहीत उतरवून घ्यायची. हे वाक्य मला काय भावात पडलं, ते त्यांना सांगून काय उपयोग?

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. म्हणूनच लिहिते आहे. मास्तर म्हणून तुम्ही बरोबर वागलात, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन. पण मी तुमच्यासाठी आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते, नाना. तुम्ही ते चालू द्यायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.