दहा बेटे, अकरा घरे

३ सप्टेंबर
समितीची बैठक. इंग्रजी अमलातल्या आपल्या दहा बेटांचा एक देश होणार हे नक्की. राजधानी कुठे, एवढेच भांडण उरले आहे. पुढच्या सोमवारी लंडनहून तिघे साहेब जागा पाहायला येतील. आपल्या बार्बाडोसने मळेवाल्या हिंक्सनचा माळ दाखवायचा. त्यावर भाडेकरूंची अकरा घरे आहेत — लाकडी, नुसती दगडांवर टेकलेली. फळ्या सोडवायच्या, गाडीत घालायच्या. चार दिवसांचा प्रश्न! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. निम्म्या भाडेकरूंना मीच शिकवले आहे.

४ सप्टेंबर
आयव्हीकडे गेले. वीस वर्षे माझे कपडे धुते.
"म्हणजे बाई, दहा बेटं जोडायची म्हणून माझं घर सुटं करायचं?"
शुक्रवारी परत उभे राहील, म्हटले. माझा शब्द.
"तुमचा शब्द आहे ना? मग खिळे जपून ठेवते."

६ सप्टेंबर
जागेवर कुणाचा हक्क, हे साहेब विचारणारच. म्हणून कागद केला — 'आम्ही ही जागा स्वखुशीने कायमची सोडली आहे.' मजकूर माझा. अकरा सह्या. कागद हिंक्सनकडे ठेवला.

१० सप्टेंबर
साहेबांना माळ पसंत. "किती मोकळं!" एक जण म्हणाला. गवतात दगडांचे अकरा चौकोन स्पष्ट दिसत होते. कुणी विचारले नाही.

१४ सप्टेंबर
हिंक्सन म्हणतो, "निकाल लागू द्या, मिस ब्रेथवेट. पुन्हा पुन्हा कशाला उचलायची?" मला पटले. फळ्या चर्चमागे ताडपत्रीखाली. आयव्ही बहिणीकडे — एका खोलीत सात जण.

१२ फेब्रुवारी
राजधानी त्रिनिदादला! समितीतले दोघे रडले. मी थेट हिंक्सनकडे. सप्टेंबरनंतर माळाकडे फिरकले नव्हते. ऊस गुडघाभर वाढला आहे.
त्याने कागद पुढे केला. "अक्षर तुमचंच ना?"
दोनदा वाचला. कॉलेजात तर्कशास्त्रात पहिली आले होते. कुठे फट सापडेना.

१३ फेब्रुवारी
आयव्हीला सांगितले. तिने खिळ्यांचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

१६ फेब्रुवारी
गुलाब उपटले. आठ जणांनी दुपारपर्यंत आयव्हीचे घर माझ्या बागेत उभे केले. ही जागा कायमची तिची, असा कागद मी लिहून दिला. तिने घडी घालून परत केला.
"कागद राहू द्या, बाई. विहिरीकडे अजून दोन घरं मावतात, ते बघा."