नव्या बाईंचं अनुमोदन

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

हिप्पळवाडी, ता. देगलूर
२४ जून २०१९

ती. उमाआत्यास,
स्वप्नालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पुनम बरी आहे. हे आधी लिहिते, नाहीतर तू खालचं काही वाचणार नाहीस. सहावा महिना चालू आहे. डॉक्टरांनी सक्त सांगितलंय, गाडीत बसवायचं नाही, पलंगावरून उतरवायचं नाही. आपली नर्सबाई रोज सकाळी येऊन बीपी बघून जाते, गोळ्या देते. तुझी लेक माझी जाऊ होऊन आली ती माझ्या शब्दावर. दोन वेळा जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून मी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. ती वैतागून म्हणते, की सासू परवडली पण ही मामेबहीण नको.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचायचं म्हटलं की तुझे डोळे दुखतात, म्हणून जिल्हा परिषदेची मेंबर असूनही वहीचं पान फाडून लिहायला बसले आहे. हसू नको.

पोटनिवडणुकीनंतरची माझी पहिली सभा झाली. तू दिलेलं इरकल नेसून गेले होते. तिथं झेडपीचे साहेब एकेक विषय वाचतात आणि सगळे एका सुरात ‘मंजूर’ म्हणतात. रस्त्याची दुरुस्ती, मंजूर. हातपंप, मंजूर. मीही म्हणत होते. आणि तिथली एक पद्धत आहे, नव्या सभासदानं पहिल्या सभेत उभं राहून एका विषयाला अनुमोदन द्यायचं. तो नव्या माणसाचा मान. अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. साहेब विषय वाचत होते आणि मी आपलं वाक्य मनात घोकत होते. उठले, ‘माझं अनुमोदन आहे’ म्हणाले आणि बसले. टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

घरी आल्यावर ह्यांनी, राजशेखरनी, कौतुकानं विचारलं, कुठल्या विषयाला दिलं. मला सांगता येईना. पिशवीतून कागद काढून बघितला, आत्या. आपल्या गावचं आरोग्य उपकेंद्र ओढ्यापलीकडे बेलमाळला हलवायचं, हा तो विषय. म्हणजे नर्सबाईचा मुक्कामही तिकडे. देगलूरचा रस्ता बेलमाळवरूनच जातो आणि पावसात मधला फरशीपूल बुडाला की आमचं गाव एकटं पडतं, हे तुला माहीतच आहे.

पुनमला आम्ही काही सांगितलेलं नाही. तूही तिच्या पत्रात लिहू नको. मी काहीतरी करते. रागावलीस तरी चालेल, पण पत्राचं उत्तर दे.

तुझी,
स्वप्नाली

—

उदगीर
१ जुलै

चि. सौ. स्वप्नालीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. अगं भवाने, दुकानात हरभऱ्याची डाळ घ्यायची तर मूठभर हातावर घेऊन किडकी हाय का बघतीस, अन् तिथं गावाची नर्स देऊन मोकळी झालीस? पेढा गोड लागला का? इरकल नेसून ठेंगण्या अकलेचं प्रदर्शन करून आलीस. तुझा बाप असता तर त्यानं कपाळ बडवून घेतलं असतं. तो बिचारा लेक मेंबर झालेली बघायला राहिला न्हाई, अन् आज मला तेच बरं वाटून राहिलं.

हे लिहिलं अन् रडू आलं. मनावर घेऊ नको. राग हाय तो भीतीचा हाय.

यव्वा, माझ्या पुनमला दोनदा रिकाम्या ओटीनं उठताना बघितलंय मी. दुसऱ्या खेपेला तर तिनं टोपडीबी शिवून ठेवली होती. माझे गुडघे धड असते तर मीच येऊन तिच्या उशाला बसले असते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितं, तू तर उकळतं दूध हातात घेऊन नाचून राहिलीस. जा, सायबाला भेट. कागद फिरवून घे. आग लागल्यावर हीर खांदायला बसू नको.

तिच्यापुरतं तूप शिवप्रसाद ड्रायव्हरच्या हाती एस्टीनं पाठवलंय. तुला दिलेलं न्हाई, तू पेढे खा.

तुझ्यावर जीव हाय म्हणूनच एवढं बोलणारी,
उमाआत्या

—

हिप्पळवाडी
२६ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तूप पोचलं. पुनमनं मला चमचाभर दिलं, तुला न विचारता.

साहेबांना भेटले. माणूस सरळ आहे. त्यांनी बसवून समजावलं, की ठराव एकदा झाला की तीन महिन्यांच्या आत फिरवता येत नाही, फिरवायचाच तर दोन तृतीयांश सभासदांचे हात वर पाहिजेत. मी विषय न ऐकता अनुमोदन दिलं असं कबूल केलं, तेव्हा ते नुसते हसले. म्हणाले, सगळेच देतात. मग मी मेंबरांच्या दारोदार फिरले. कुणी चहा पाजला, कुणी दिवाळीनंतर बघू म्हणाले. एकानं विचारलं, स्वतःच अनुमोदन देऊन स्वतःच रडता कशाला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मागच्या आठवड्यात पूल एक दिवस पाण्याखाली होता. त्या दिवशी पुनमच्या पायांना सूज होती. नर्सबाई गावातच होती म्हणून निभावलं. पण तिनंही सामान बांधायला घेतलंय. सप्टेंबर लागायच्या आत जायचा तोंडी निरोप आलाय तिला.

आता एक वाट निघाली आहे आणि तीच तुला विचारायची आहे. शरणप्पाकाका, ते जुने मेंबर, आपल्या पाव्हण्यातले, म्हणाले की पोरी, हात मोजायच्या भानगडीत पडू नको. ऑगस्टच्या सभेत अगदी शेवटी, सगळ्यांना जेवायला उठायची घाई असते तेव्हा, ऐनवेळचा विषय म्हणून मी आणतो. स्थलांतर दिवाळीपर्यंत थांबवावं, एवढंच. कोणी ऐकत नाही, मंजूर होऊन जाईल. फक्त बेलमाळचे मेंबर नरसिंगराव तेव्हा सभागृहात नकोत. त्याचंही बघतो म्हणाले.

आत्या, मला कसंतरीच वाटून राहिलं. बेलमाळ आमच्या दुप्पट आहे, खालचे तांडेही त्यांनाच जोडलेले. उपकेंद्राची मागणी ते कितीतरी वर्षांपासून करतात. नरसिंगराव चांगला माणूस आहे. माझ्या बाबतीत चुकून झालं, हे तर जाणूनबुजून होईल. राजशेखर म्हणतात तुझं तू ठरव. तू सांगशील ते करीन.

उत्तराची वाट बघणारी,
स्वप्नाली

—

उदगीर
१ ऑगस्ट

चि. सौ. स्वप्नालीस,
अ. उ. आ.

यात विचारायचं काय? कर.

बेलमाळचं बेलमाळवाले बघतील. त्यांच्या दारावरून डांबरी रस्ता जातो, जीपगाड्या हायेत, तासाभरात देगलूरचा दवाखाना. माझ्या लेकीच्या दारात काय हाय? चिखल. शरणप्पा म्हणतो तसं कर, वाकडं कर, सरळ कर, पण कसंबी कर. पाप लागलं तर माझ्या नावावर घाल. मी रोज सकाळी लिंगपूजेला बसते अन् हातावरचं लिंग सोडून माझं ध्यान तुमच्या त्या मेल्या पुलावरच जातं.

दोन घास खात जा. तू वाळलीस असं शिवप्रसाद सांगत होता. आता तुलाबी तूप पाठवलंय.

डोळे वाटेला लावून बसलेली,
उमाआत्या

—

हिप्पळवाडी
२० ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

झालं. नर्सबाई दिवाळीपर्यंत इथंच.

तुझा जीव भांड्यात पडला असेल, म्हणून तेवढंच लिहून थांबणार होते. पण तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू. शेवटी शेवटी सभागृहात मसालेभाताचा वास यायला लागला, तशी सगळ्यांची चुळबूळ सुरू झाली. शरणप्पाकाकांनी नरसिंगरावांना कोणीतरी भेटायला आलंय म्हणून बाहेर पाठवलं. मग विषय वाचला गेला, अर्धे मेंबर उभेच होते, आणि चपला शोधता शोधता मंजूर म्हणाले. अनुमोदनाला कोण, असं विचारलं तेव्हा काकांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मी शब्द न् शब्द ऐकला होता. उठले आणि दिलं.

जेवताना नरसिंगराव माझ्याच समोर येऊन बसले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पुनमची तब्येत कशी आहे विचारलं. काही लागलं तर अपरात्रीसुद्धा फोन करा, आमच्याकडं जीप आहे म्हणाले. मी पानातला भात चिवडत मान हलवली. दोन दिवसांनी त्यांना कळलं असणार, पण त्यांचा फोन आला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुनम आज खुशीत आहे. बाळ लाथा मारतंय म्हणते.

तुझी भाची,
स्वप्नाली

—

हिप्पळवाडी
३ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

निरोप तुला मिळालाच आहे. मुलगी झाली. पुनम सुखरूप आहे, बाळ जरा लहान आहे पण ओरडते अशी की तुझ्या कानांनाही ऐकू येईल. दिवस भरायच्या आधीच, शनिवारी सकाळी तिला दुखायला लागलं. बाहेर धो धो पाऊस, पूल बुडालेला. बीपी चढलं होतं. नर्सबाईनं इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत तिच्याजवळून हलली नाही. बाळ अडकलं होतं, आत्या. ती नसती तर आज मी तुला हे पत्र लिहीत नसते, दुसरं काहीतरी लिहीत असते. पुनमनं नर्सबाईचा हात धरून ठेवला होता, बाळ झाल्यावरही सोडेना.

हे सगळं आनंदाचं झालं. आता पुढचं वाच.

त्याच शनिवारी बेलमाळच्या केवळाबाईच्या सुनेलाही दुखायला लागलं. केवळाबाई म्हणजे सोमवारी देगलूरच्या बाजारात दही विकते ती. नरसिंगरावांची जीप घेऊन ते देगलूरला निघाले. रस्त्यावर झाड पडलेलं. झाड काढेपर्यंत जीपमध्येच मोकळी झाली. मुलगा होता. रडलाच नाही. जीपमधल्या बायका पाठ चोळत राहिल्या, तोंडात फुंकर घालत राहिल्या. त्यांना त्यापलीकडे काय येणार. सून वाचली.

मी नर्सबाईला विचारलं, तुम्ही बेलमाळला असता तर वाचला असता का. ती म्हणाली, ताई, सांगता येत नाही, पण न रडणारं पोर मी याआधी रडवलेलं आहे.

मी बाळाला मांडीवर घेते आणि लगेच पुनमकडे परत देते. घरात सगळे हसतायत, बारशाचं बोलतायत. मी कुणाला काही बोलू शकत नाही. पुलावरचं पाणी उतरलंय, पण बेलमाळवरून जायचं धाडस होत नाही. काय करू सांग. या वेळी तरी नीट सांग.

स्वप्नाली

—

उदगीर
६ सप्टेंबर

चि. सौ. स्वप्नालीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. नात झाली म्हणून गल्लीत साखर वाटून आले होते, अन् घरी आले तर हे पत्र. पाप माझ्या नावावर घाल म्हणून मीच लिहिलं होतं. लिहिताना ते स्वस्त होतं गं. आता नात डोळ्यापुढं आली की मागून ते दुसरं येतं.

मी रविवारी येते. गुडघ्यांचं मी बघते, शिवप्रसाद मला पुढच्या सीटवर बसवून आणणार हाय. बाळाच्या गळ्यात लिंग बांधायला स्वामींना सांगितलंय, ते दुपारी पोचतील. पण मी आधी बेलमाळला उतरणार. तू तिथं फाट्यावर येऊन थांब. पुनमला सांगू नको, आईची गाडी उशिरा हाय म्हण.

ज्वारीच्या भाकरी अन् पिठलं मी बांधून आणते. दुःखाच्या घरी चूल पेटत न्हाई. केवळाबाईच्या ओसरीवर जाऊन दोघींनी बसायचं. ती बोलली तर ऐकायचं, शिव्या दिल्या तर खाली मान घालून ऐकायच्या. मला ऐकू येणार न्हाई, तू ऐक, अन् घरी आल्यावर शब्द न् शब्द मला लिहून दे. दिवाळीची वाट न बघता तिकडं दुसरी नर्स कशी आणायची, ते तिच्याच ओसरीवर नरसिंगरावांना बोलावून विचार. मेंबर तू हायस.

लोक म्हणतील मयताच्या घरून थेट बाळंतिणीच्या खोलीत कशी आली. म्हणू देत. आपल्यात सुतक मानत न्हाईत. त्या घरची भाकरी वाढलेल्या हातानंच मी माझ्या नातीला घेणार.

फाट्यावर उभी राहा. उशीर करू नको.

उमाआत्या