चारचा आकडा

बाबा, तुमचं काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे उजळणारं घड्याळ शेवटी उघडलं. लोक लांबून कुरिअरने अशी जुनी घड्याळं मला पाठवतात, मी ती बरी करते, आणि तुम्ही गेल्यापासून घरच्याला मात्र हात लावायचा धीर नव्हता. पण आचऱ्याची खारी हवा कोणाला सोडते? नळ्यांच्या पिना हिरव्या पडल्या, एकेक आकडा गेला आणि आईने माझं डोकं खाल्लं.

उघडताना डावा हात आपोआप खिशात गेला. हे घड्याळ तुम्ही बनवायला घेतलंत आणि मला शेजारी बसवलंत, त्या पहिल्या दिवशी म्हणाला होता, "हयसर वीज लय आसा. एक हात खिशात घाल, मगे दुसरो घड्याळात." मी म्हटलं, "माझ्या झग्याक खिसो खंय आसा?" तुम्ही हसला नाहीत. संध्याकाळपर्यंत आईकडून माझ्या सगळ्या झग्यांना खिसे लावून घेतलेत. त्या आठवड्यात तासाच्या नळीची एक तार मला सोल्डर करायला दिलीत. दहा आकड्यांच्या दहा तारांपैकी चारची. "बरा झाला," म्हणालात, आणि मी गावभर मिरवले.

पुढे काही महिन्यांनी चार उजळेनासा झाला. रोज दुपारी तासाची जागा तासभर काळी. "ट्यूब म्हातारी झाली गो," तुम्ही म्हणालात. मग आपल्या घरात चारचा आकडा गेला की चहा, अशी रीतच पडली.

उघडल्यावर कळलं, ट्यूब ठणठणीत आहे. माझंच ड्राय सोल्डर, तार नुसती टेकलेली. आणि बाजूला आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. गिऱ्हाइकाच्या रेडिओत दोष सापडला की तुम्ही तिथे तो द्यायचात आणि मग दुरुस्त करायचात. इथे ठिपका दिलात आणि झाकण लावलंत. माझं काम उसवायचं नव्हतं तुम्हाला. लबाड कुठले! मी तिथेच बसून रडले.

मग डोळे पुसून पिना साफ केल्या, तार पक्की जोडली. चार असा उजळला की बघत राहावं. चहा घेऊन आईकडे गेले, तर तिने कप बाजूला सारला. "आकडो अजून जाऊक नाय. आत्ताच चाय कसली?" तिला आता दिवसाचं फारसं भान नसतं, एवढी एकच वेळ तिला कळते. तीन दिवस ती घड्याळाकडे बघत बसून राहिली आणि चहा निवत राहिला.

आज ती तार मी सोडवली. बरोबर चारला जागा काळी झाली, आईने कपासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "ट्यूब म्हातारी झाली गो." ती फुंकर घालत म्हणाली, "तुझो बापूसय ह्याच सांगी."

हा कागद घडी करून घड्याळाच्या पेटीतच ठेवते, झाकणाखाली. तार परत जोडायला दोन मिनिटं पुरतील. पण कबूल करते बाबा, दुसऱ्यांची घड्याळं बरी करणाऱ्या मी आज देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलंय, की हे एक असंच बिघडलेलं राहू दे.